१९१२ चा कार्लाइल संघ, त्याच्या मूळ कागदांतून : एका खुल्या डिजिटल संग्रहाचे परीक्षण

पेनसिल्व्हेनिया राज्यातील कार्लाइल या गावी डिकिन्सन कॉलेज आहे. या कॉलेजच्या अभिलेखागाराने आणि ग्रंथालयाने 'कार्लाइल इंडियन स्कूल डिजिटल रिसोर्स सेंटर' नावाचा संग्रह इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला आहे. गावातल्या जुन्या लष्करी बराकींत १८७९ ते १९१८ या काळात अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या (त्यांना तेव्हा 'इंडियन' म्हणत) मुलामुलींसाठी सरकारी निवासी शाळा चालत असे. त्या शाळेची कागदपत्रे, विद्यार्थ्यांच्या फायली, छायाचित्रे आणि शाळेची स्वतःची नियतकालिके या संग्रहात पाहायला मिळतात. गेले तीन महिने मी तो रोज संध्याकाळी वापरतो आहे आणि माझा हेतू एकच होता : या शाळेच्या फुटबॉल संघाचा १९१२ चा हंगाम मूळ कागदांवरून समजून घेणे. खेळाच्या इतिहासात ज्यांना मनापासून रस आहे, त्यांच्यासाठी इतकी मोलाची विनामूल्य सेवा माझ्या पाहण्यात दुसरी नाही. मात्र हा संग्रह ज्या क्रमाने वाचावा असे मला वाटते, तो क्रम क्रीडावार्ता वाचण्याच्या नेहमीच्या सवयीच्या उलट आहे, म्हणून हे परीक्षण जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी खेळाविषयी थोडे सांगायला हवे, कारण फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायाने खेळायचा गोल चेंडू येतो. अमेरिकेतील कॉलेजांत रुजलेला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून, प्रतिस्पर्ध्यांची फळी फोडत पुढे सरकण्याचा खेळ. विसाव्या शतकाच्या आरंभी तो इतका निर्दय झाला होता की १९०५ च्या एका हंगामात अठरा-एकोणीस तरुण मैदानावरील दुखापतींनी दगावल्याची नोंद आहे. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन येथील खेळाच्या प्रमुखांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतले होते. १९०६ मध्ये चेंडू पुढच्या दिशेने फेकण्याची, म्हणजे फॉरवर्ड पासची, परवानगी मिळाली. १९१२ मध्ये नियम पुन्हा बदलले. दहा यार्ड पुढे जाण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, टचडाउनचे, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेण्याचे, गुण पाचवरून सहा झाले, मैदान शंभर यार्डांचे झाले, त्याच्या दोन्ही टोकांना अंत्यक्षेत्रे आखली गेली आणि पास किती लांब टाकावा यावरचे बंधन उठले. वजनदार खेळाडूंच्या धक्काबुक्कीपेक्षा वेगाला आणि चातुर्याला वाव देणारा हा बदल होता, आणि कार्लाइलच्या संघाची ताकद नेमकी वेगात आणि चातुर्यातच होती. हे ध्यानात ठेवले नाही तर त्या वर्षीचे गुणफलक नीट वाचता येत नाहीत.

आता हंगामाचा सांगाडा पाहू. २१ सप्टेंबर १९१२ रोजी ऑलब्राइट कॉलेजविरुद्ध ५०–७ अशा विजयाने सुरुवात झाली. त्यानंतर लेबनन व्हॅलीवर ४५–०, डिकिन्सनवर ३४–० आणि २ ऑक्टोबरला व्हिलानोव्हावर ६५–० असे विजय मिळाले. बारा दिवसांत हे चार सामने झाले आणि चारही घराजवळचे होते. ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजने त्यांना ०–० असे रोखले. पुढे सिराक्यूजवर ३३–०, पिट्सबर्गवर ४५–८, जॉर्जटाउनवर ३४–२०, टोरांटोच्या संघावर ४९–१ आणि लीहायवर ३४–१४ असे निकाल लागले. ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट येथे सैनिकी अकादमीच्या संघावर त्यांनी २७–६ असा विजय मिळवला आणि आठवडाभराने फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडून ३४–२६ असा हंगामातला एकमेव पराभव पत्करला. त्यानंतर स्प्रिंगफील्डला ३०–२४ असे हरवून २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, ब्राउन विद्यापीठावर ३२–० असा विजय मिळवून त्यांनी हंगाम संपवला. एकूण चौदा सामने, बारा विजय, एक बरोबरी, एक पराभव. केलेले गुण ५०४ आणि दिलेले ११४.

हे आकडे कोणत्याही संदर्भग्रंथात सापडतात आणि बहुतेक वाचक तेथेच थांबतात. मीही बरीच वर्षे तेथेच थांबलो होतो. माध्यमिक शाळेत शारीरिक शिक्षण शिकवताना आमच्या खो-खो संघाच्या प्रत्येक हंगामाची गुणपत्रके मी जपून ठेवली आहेत आणि त्या पत्रकांतून संघ कळतो असे मला प्रामाणिकपणे वाटत होते. पण गुणपत्रकांत न लिहिलेली एक गोष्ट तारखा मांडून पाहिल्यावर दिसते. पहिल्या चार सामन्यांनंतर उरलेले दहाही सामने या संघाने परगावी खेळले. २६ ऑक्टोबरला राजधानी वॉशिंग्टनमध्ये जॉर्जटाउनशी खेळून ही मुले रेल्वेने सीमेपलीकडे टोरांटोला गेली आणि २८ तारखेला पुन्हा मैदानात उतरली. मोठ्या विद्यापीठांची मैदाने मोठी होती, तिकिटांचे उत्पन्न तेथे मिळत असे आणि त्या उत्पन्नातला वाटा शाळेच्या क्रीडा निधीत जमा होत असे. सतत परगावी खेळण्याचे कारण येथे आहे. म्हणजे हा संघ शाळेसाठी पैसा मिळवणारा संघ होता, आणि ज्यांच्या पायांवर तो पैसा उभा राहत होता ती मुले कोण होती, हा प्रश्न घेऊनच मी डिकिन्सनच्या संग्रहाकडे वळलो.

संग्रहाची रचना साधी आहे. विद्यार्थ्यांच्या फायली, नोंदवह्यांची पाने, छायाचित्रे, प्रकाशने आणि इतर दस्तऐवज असे विभाग आहेत आणि नावावरून किंवा जमातीवरून शोध घेता येतो. नावनोंदणी करावी लागत नाही, पैसे द्यावे लागत नाहीत आणि फायली पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. यांतल्या बहुतेक मूळ फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, इंडियन व्यवहार खात्याच्या पंचाहत्तराव्या अभिलेख-गटात आहेत. प्रत्येक फाइलसोबत तिचा पेटी आणि फोल्डर क्रमांक दिलेला असतो, त्यामुळे आपण नेमका कोणता कागद पाहतो आहोत याविषयी संदिग्धता राहत नाही. अभ्यासूंना या एका सोयीची किंमत लगेच कळेल. या आधी मी एका खासगी संकेतस्थळाला वर्षभराची वर्गणी भरून याच शाळेची कात्रणे मिळवली होती आणि त्यांतल्या एकाही कात्रणावर त्याचा मूळ ठिकाणा लिहिलेला नव्हता.

या संग्रहाचा खरा गाभा म्हणजे विद्यार्थ्याचे माहितीपत्रक. एका कार्डावर क्रमांक, इंग्रजी नाव, एजन्सी (जमातीचा कारभार पाहणारे सरकारी कार्यालय), जमात, मूळ भाषेतले नाव, घरचा पत्ता, वडील हयात की मृत, आई हयात की मृत, 'रक्त', वय, उंची, वजन, श्वास भरून आणि सोडून घेतलेले छातीचे माप, शाळेत दाखल झाल्याची तारीख, किती मुदतीसाठी, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण असे रकाने छापलेले आहेत. उंची, वजन आणि छातीचे माप हे रकाने मी स्वतः दर वर्षी जून महिन्यात आमच्या मुलांसाठी भरत आलो आहे, त्यामुळे पहिल्याच कार्डाशी माझी ओळख पटली. पण 'रक्त' या रकान्यापाशी मी थांबलो. मूल पूर्ण इंडियन आहे, अर्धे आहे की पाव, हे तेथे लिहिले जाई. ज्यांनी त्याच काळात इंग्रज सरकारने 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींसाठी सोलापुरात उभारलेल्या, काटेरी तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटविषयी वाचले आहे, त्यांना माणसांची अशी वर्गवार नोंद ठेवणाऱ्या सरकारी मनाची निराळी ओळख करून द्यावी लागणार नाही. या शाळेचा संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट हा लष्करी अधिकारी होता आणि मुलातला इंडियन मारून टाकून माणूस वाचवावा, असे त्याने १८९२ मध्ये उघड भाषणात सांगितले होते. मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, स्वतःची भाषा बोलण्याला बंदी असे, अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस शिंपीकाम, छपाई, लोहारकाम किंवा धुलाई यांत जाई. म्हणजे ही खऱ्या अर्थाने कॉलेज नसलेली, मुख्यतः हातांना काम शिकवणारी शाळा होती आणि तिचा संघ मात्र देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित विद्यापीठांशी बरोबरीने खेळत होता.

कार्डाच्या दुसऱ्या भागात 'आउटिंग'च्या नोंदी असतात. मुलाला बाहेर कधी पाठवले, कोणत्या मालकाकडे पाठवले, तो परत कधी आला, अशा त्या नोंदी. सुटीत आणि पुष्कळदा वर्षातही मुलामुलींना गोऱ्या कुटुंबांच्या शेतांवर आणि घरांत कामाला पाठवण्याची ही पद्धत शाळेच्या शिक्षणाचाच भाग मानली जाई. १९१२ च्या संघाचा तारा जिम थॉर्प ओक्लाहोमातून १९०४ मध्ये येथे आला तेव्हा त्याची आई वारली होती, जुळा भाऊ त्याआधी बालपणीच गेला होता आणि वडीलही त्याच वर्षी गेले. तो सॉक अँड फॉक्स जमातीचा होता आणि वा-थो-हक हे त्याचे मूळ नाव होते. शाळेने त्याला पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी येथील घरांत व शेतांवर कामाला धाडले होते. ज्या तरुणाने जुलै १९१२ मध्ये स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये पेंटॅथ्लॉन आणि डेकॅथ्लॉन अशी दोन सुवर्णपदके जिंकली, त्याचे शालेय आयुष्य परक्यांच्या शेतावरच्या कामाच्या तारखांत मोजलेले आहे, हे हंगामाच्या वार्तांकनात कोठेही वाचायला मिळत नाही. स्टॉकहोमहून तो परतला आणि काही आठवड्यांतच ऑलब्राइटविरुद्धचा सामना आला.

माझी शिफारस अशी की हा हंगाम वाचताना आधी कार्डे वाचावीत आणि नंतर सामने. संघातली काही नावे घेऊन जमातवार शोध घेतला की डोळ्यांपुढे एक मोठा नकाशा उभा राहतो. क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर डाव ठरवणारा खेळाडू, गस वेल्च हा विस्कॉन्सिनमधला ओजिब्वे होता. जो गायन मिनेसोटातल्या व्हाइट अर्थ येथला, पीट कॅलॅक दक्षिण कॅलिफोर्नियातला, अॅलेक्स आर्कासा पश्चिमेकडच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कोल्व्हिल वसाहतीतला, स्टॅन्सिल पॉवेल नॉर्थ कॅरोलिनातला चेरोकी आणि जोएल व्हीलॉक ओनाइडा. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापासून अॅपलाचियन डोंगरांपर्यंतची ही मुले परस्परांची भाषा जाणत नव्हती आणि त्यांच्या आजोबांनी एकमेकांची नावेही क्वचितच ऐकली असतील. सरकारने त्यांना एका बराकीत आणून ठेवले ते त्यांची ओळख पुसण्यासाठी, आणि त्याच बराकीत त्यांचा असा एक संघ झाला की वर्तमानपत्रे त्याला 'इंडियन्स' या एकाच नावाने ओळखू लागली. या गोष्टीत मला या संघाचा सर्वांत मोठा विजय दिसतो आणि तो कोणत्याही गुणफलकावर लिहिलेला नाही.

प्रकाशनांच्या विभागात 'द कार्लाइल अॅरो' हे शाळेचे साप्ताहिक आहे आणि १९१२ च्या शरद ऋतूतले अंक चाळणे हा वेगळाच अनुभव आहे. हे साप्ताहिक शाळेच्याच छापखान्यात, छपाई शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हातून निघत असे. म्हणजे आपल्या मित्रांच्या विजयाच्या बातमीचे खिळे त्याच शाळेतल्या मुलांनी जुळवलेले आहेत. मात्र हे साप्ताहिक अधीक्षकाच्या देखरेखीखाली छापले जाई, त्यामुळे त्यात तक्रारीचा सूर शोधू नये. शाळेने जगाला दाखवायचे ठरवलेले चित्र त्यात आहे, आणि तसेच समजून ते वाचले तर त्यातूनही बरेच कळते.

सामन्यांचे तपशील मात्र या संग्रहात फारसे मिळणार नाहीत आणि तशी अपेक्षाही ठेवू नये. त्यासाठी अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा 'क्रॉनिकलिंग अमेरिका' हा जुन्या वर्तमानपत्रांचा विनामूल्य संग्रह जोडीला घ्यावा. त्यात 'न्यू-यॉर्क ट्रिब्यून' आणि 'द सन' यांसारख्या पत्रांचे त्या काळातले अंक पान न् पान पाहता येतात. जुन्या छपाईचे यंत्राने केलेले वाचन पुष्कळदा चुकते, म्हणून शब्द टाकून शोधण्यापेक्षा सामन्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकून क्रीडापृष्ठ थेट उघडणे अधिक फलदायी ठरते. १० नोव्हेंबर १९१२ हा रविवार होता. त्या दिवसाच्या अंकांपासून सुरुवात केली की वेस्ट पॉइंटचा सामना समोर उभा राहतो.

त्या सामन्याविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. वेस्ट पॉइंट ही अमेरिकन सैन्याचे अधिकारी घडवणारी अकादमी. मैदानी प्रदेशातल्या जमातींविरुद्धच्या लढाया ज्या अधिकाऱ्यांनी लढल्या त्यांतले अनेक येथूनच निघाले होते आणि सैन्याने लकोटा लोकांच्या केलेल्या वूंडेड नीच्या हत्याकांडाला तेव्हा बावीस वर्षेच झाली होती. कार्लाइलचा प्रशिक्षक ग्लेन 'पॉप' वॉर्नर याने या सामन्यात आपल्या फळीच्या दोन्ही कडांच्या खेळाडूंची वेगळी मांडणी केली. पुढे 'डबल विंग' म्हणून प्रसिद्ध झालेल्या या मांडणीत चेंडू नेमका कोणाकडे आहे आणि तो कोणत्या बाजूने निघणार, हे बचाव करणाऱ्यांना शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. वजनाने भारी असलेल्या सैनिकी संघापुढे हलक्या मुलांनी हा डाव इतक्या सफाईने खेळला की आर्कासाने तीन टचडाउन केले आणि थॉर्पच्या धावांनी संपूर्ण बचाव त्याच्याकडेच ओढला गेला. सैनिकी संघाचा कर्णधार लेलंड डेव्होर याला दांडगाईसाठी मैदानाबाहेर काढण्यात आले. त्याच संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक कॅडेट होता आणि थॉर्पला जायबंदी करून बाहेर काढण्याचा त्याचा प्रयत्न फसला. पुढच्याच आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध त्याचा गुडघा दुखावला आणि त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द संपली. तो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाल्यामुळे या सामन्याची आठवण बहुधा त्याच्या नावाने काढली जाते. मला हे पटत नाही. तो दिवस आर्कासाचा होता, आणि त्याचे कार्ड वाचून मग वृत्तान्त वाचला तर वाचणाऱ्यालाही तसेच वाटेल.

पेनसिल्व्हेनियाविरुद्धचा पराभव याच्या नंतरच्या शनिवारी झाला. सव्वीस गुण करूनही संघ हरला, म्हणजे आक्रमण थकले नव्हते, बचाव सुटला होता. दोन महिने सतत प्रवास करणाऱ्या संघाच्या बाबतीत आधी बचावच ढिला पडतो, हे मी माझ्या संघांतही पाहिले आहे. पायांत बळ उरले असले की मुले धावतात, पण आडवे जायला मन लागते. स्प्रिंगफील्डनेही पुढच्या आठवड्यात चोवीस गुण केले, यावरून हा अंदाज मला अधिकच खरा वाटतो. आणि तरीही अखेरच्या सामन्यात ब्राउनला एकही गुण करू न देता या मुलांनी हंगाम संपवला. थॉर्पचा तो कॉलेज फुटबॉलमधला शेवटचा सामना होता.

जानेवारी १९१३ मध्ये वूस्टर येथील एका वर्तमानपत्राने थॉर्प पूर्वी नॉर्थ कॅरोलिनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला असल्याचे छापले आणि, ऑलिंपिक तेव्हा फक्त हौशी खेळाडूंसाठी असल्याने, त्याची ऑलिंपिक पदके काढून घेतली गेली. उन्हाळ्यात असे खेळून दोन पैसे मिळवणारे कॉलेजचे खेळाडू तेव्हा पुष्कळ होते, फक्त त्यांतले बहुतेक टोपणनावाने खेळत आणि थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला होता. त्याच्या नावे पाठवलेल्या कबुलीच्या पत्रात आपण एक अजाण इंडियन विद्यार्थी होतो असे म्हटले आहे आणि त्या मजकुरामागे वॉर्नर असावा असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. १९८२ मध्ये ऑलिंपिक समितीने त्याचे नाव विजेता म्हणून पुन्हा नोंदवले, पण त्याच्यासोबत दुसऱ्याचेही नाव विजेता म्हणून ठेवले. त्या दोन स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव नोंदवायला २०२२ साल उजाडले.

या सर्वाहून महत्त्वाची वाटणारी गोष्ट मला गस वेल्चच्या नावाच्या मागे जाताना सापडली. १९१२ च्या संघाला मैदानावर हाका देणारा हा क्वार्टरबॅक पुढच्याच वर्षी शाळेच्या कारभाराची चौकशी व्हावी म्हणून विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज फिरवण्यात पुढे होता. फेब्रुवारी १९१४ मध्ये सिनेट आणि प्रतिनिधिगृह यांच्या संयुक्त आयोगाने कार्लाइलला येऊन साक्षी घेतल्या. जेवण, शिक्षा आणि क्रीडा निधीचा हिशेब यांविषयी तेथे उघड बोलले गेले. खेळाडूंसाठी वेगळी राहण्याची जागा आणि वेगळे भोजन होते, तर इतर मुले अपुऱ्या जेवणाच्या तक्रारी करत होती. वेल्चने वॉर्नरच्या शिवीगाळीविषयी आणि त्याच्या सचोटीविषयी स्पष्ट साक्ष दिली. ज्या प्रशिक्षकाने आपल्याला देशात नाव मिळवून दिले, त्याच्याविरुद्ध वयाने लहान आणि सर्वस्वी शाळेवर अवलंबून असलेल्या खेळाडूने असे उभे राहणे किती अवघड असते, हे ज्यांनी संघ चालवले आहेत त्यांना कळेल. अधीक्षक मोझेस फ्रीडमन याची गच्छंती झाली आणि वॉर्नर त्या वर्षीच्या हंगामानंतर पिट्सबर्ग विद्यापीठाकडे गेला. शाळा १९१८ मध्ये बंद झाली आणि तिच्या इमारतींत महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे रुग्णालय उघडले.

आता मर्यादांविषयी. हा संग्रह प्रामाणिकपणे मांडलेला आहे, पण त्यातले बहुतेक कागद शाळेने लिहिलेले आहेत, मुलांनी नव्हे. कार्डावर मुलाचे वजन आहे, त्याचे म्हणणे नाही. काही फायलींत विद्यार्थ्यांनी पुढे घरून पाठवलेली पत्रे किंवा शाळेने धाडलेल्या प्रश्नावल्यांची त्यांनी भरलेली उत्तरे आढळतात. असा कागद हाती लागला की बाकी सारे बाजूला ठेवून तो वाचावा, कारण हस्ताक्षर त्या माणसाचे असते. एकाच व्यक्तीच्या नावाची स्पेलिंग कागदागणिक बदलते, म्हणून शोधताना दोन-तीन पर्याय टाकून पाहावेत आणि तरीही नाव हाती लागले नाही तर जमातीच्या यादीतून जावे. शाईचे हस्ताक्षर वाचायला डोळ्यांना ताण पडतो, तेव्हा मोबाइलपेक्षा मोठा पडदा बरा. सारा मजकूर इंग्रजीत आहे, परंतु कार्डांचे रकाने एकदा समजले की शेकडो फायलींत ते तेच राहतात, त्यामुळे दहावीपर्यंतचे इंग्रजी असलेल्या वाचकालाही अडचण येऊ नये.

संग्रहात शाळेच्या दफनभूमीविषयीची माहितीही आहे आणि ती टाळून पुढे जाऊ नये असे मला वाटते. क्षयाने व इतर आजारांनी दगावलेली मुले तेथे पुरली गेली. १९२७ मध्ये ती दफनभूमीच दुसरीकडे हलवली गेली. २०१७ पासून अमेरिकन सैन्य काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवत आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. ज्या मैदानावर थॉर्प आणि वेल्च सराव करत त्याच परिसरात या कबरी होत्या. मी ऑक्टोबर १९१२ च्या सामन्यांची टिपणे काढत असताना एका संध्याकाळी ही यादी उघडली आणि त्या दिवशी पुढे काही लिहिले नाही.

शाळेतल्या शिक्षकांना आणि खेळाच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांना मी हा संग्रह आग्रहाने सुचवतो. एका आठवड्याच्या वाचनासाठी पुरेल असा क्रम हवा असेल तर पहिल्या दिवशी थॉर्प, वेल्च आणि आर्कासा यांच्या नावांनी शोध घ्यावा, मग 'अॅरो'चे सप्टेंबर ते डिसेंबर १९१२ चे अंक पाहावेत आणि त्यानंतरच 'क्रॉनिकलिंग अमेरिका'मधली क्रीडापृष्ठे उघडावीत. मी स्वतः आता १९०७ चा हंगाम हाती घेतला आहे. त्या वर्षी नव्याने मिळालेल्या फॉरवर्ड पासच्या जोरावर याच शाळेने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला २६–६ असे, हार्वर्डला २३–१५ असे आणि शिकागोला १८–४ असे हरवले होते आणि थॉर्प तेव्हा केवळ राखीव खेळाडू होता. फ्रँक माउंट प्लेझंट, पीट हाउझर आणि अल्बर्ट एक्झेन्डाइन या तिघांची कार्डे मी उतरवून घेतली आहेत, सामन्यांचे वृत्तान्त अजून उघडलेले नाहीत.